स्वतंत्र स्त्री-मासिकाचे पान : नाव, मुखपृष्ठ, सदरे आणि आधुनिक स्त्रीत्व

१. अभ्यासविषय

मराठी नियतकालिकांचा अभ्यास बहुतांशी लेखसूची, संपादकीय भूमिका आणि वाङ्मयीन वाद या तीन अंगांनी होत आला आहे. ही तिन्ही अंगे महत्त्वाची आहेत. परंतु मासिक म्हणजे त्यात छापलेल्या लेखांची बेरीज, असे एक गृहीत त्यांच्यामागे असते. वाचकाच्या हाती प्रत्यक्षात येतो तो अंक. त्याला नाव असते, मुखपृष्ठ असते, सदरांचा क्रम असतो, पत्रांची पाने असतात आणि जाहिराती असतात. लेख वाचण्यापूर्वीच या गोष्टी वाचकाशी बोलू लागतात. स्त्रियांसाठी निघणाऱ्या मासिकांच्या बाबतीत तर हे बोलणे विशेष निर्णायक ठरते; कारण स्त्री ही तेथे वाचक असते आणि त्याच वेळी पाहण्याचा विषयही असते.

स्वतंत्र स्त्री-मासिकांनी आधुनिक स्त्रीत्वाची कल्पना अंकाच्या रचनेतून कशी घडविली, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. 'स्वतंत्र' हे विशेषण येथे मर्यादित अर्थाने वापरले आहे. ज्या मासिकाचे संपादकीय निर्णय स्त्रियांच्या हाती आहेत आणि प्रकाशनसंस्थेच्या वा जाहिरातदाराच्या अटींपासून आपला आशय मोकळा ठेवण्याचा ज्याचा जाणीवपूर्वक प्रयत्न आहे, ते स्वतंत्र मासिक होय. न्यूयॉर्कचे 'मिज', लंडनचे 'स्पेअर रिब' आणि पुण्याचे 'मिळून साऱ्याजणी' ही तीन मासिके मुख्यतः विचारात घेतली आहेत. पहिली दोन १९७२ मध्ये सुरू झाली, तिसरे १९८९ मध्ये. त्यांच्यात प्रभावाचे सरळ नाते सिद्ध करावयाचे नाही. एकाच प्रश्नाला तीन ठिकाणी दिली गेलेली तीन उत्तरे म्हणून त्यांच्याकडे पाहावयाचे आहे. आधुनिक स्त्री 'दाखवावी' की तिला 'बोलू द्यावे', हा तो प्रश्न होय.

२. नाव : संबोधनाचे व्याकरण

नाव ही मासिकाच्या रचनेची पहिली पायरी. प्रचलित स्त्री-मासिकांची नावे पाहिली तर त्यांत स्त्री बहुधा एखाद्या स्थानाशी वा नात्याशी बांधलेली आढळते. 'माहेर' या नावात विवाहित स्त्रीचा भावकोश आहे. 'गृहशोभिका' या नावात घराला शोभा आणणारी स्त्री आहे. त्या मासिकांतील साहित्याचे मूल्यमापन येथे अभिप्रेत नाही. नाव वाचकाला कोठे उभे करते, एवढेच पाहावयाचे आहे.

'मिज' हे नाव इंग्रजीतील एका उपपदावरून आले. पुरुषाच्या नावामागचे उपपद त्याच्या वैवाहिक स्थितीविषयी काही सांगत नाही. स्त्रीच्या नावामागे मात्र 'मिस' किंवा 'मिसेस' यांपैकी एक लावावे लागे. 'मिज' हे तिसरे उपपद ही माहिती देण्यास नकार देते. 'कु.', 'सौ.' आणि 'श्रीमती' यांच्या वापरातून स्त्रीची वैवाहिक स्थिती जाहीर करण्याची रीत ज्यांच्या परिचयाची आहे, त्या मराठी वाचकांना या नकाराचे मोल वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. मासिकाचे नावच येथे एक भाषिक मागणी होते.

'स्पेअर रिब' या नावात विनोद आहे. आदमच्या बरगडीपासून ईव्ह घडविली गेली, ही बायबलमधील कथा आणि खाटकाच्या दुकानातील बरगडीच्या मांसाचा एक प्रकार, असे दोन्ही अर्थ त्यात एकत्र येतात. स्त्री म्हणजे पुरुषाचा उरलासुरला, जास्तीचा भाग, हा जुना अपमान उचलून घेऊन तो आपल्याच पाटीवर रंगविण्याची ही रीत आहे.

मराठीत 'स्त्री' हे किर्लोस्करवाडीहून निघालेले मासिक १९३० साली सुरू झाले. त्याचे नाव एकवचनी सामान्यनाम आहे. सुधारणेच्या चर्चेत 'स्त्री' हा विचाराचा विषय होता. शिक्षण, विवाह, आरोग्य यांविषयी 'तिच्यासाठी' काही करावयाचे होते. १९७७ मध्ये निघालेल्या 'बायजा' या नियतकालिकाने एका साध्या, ग्रामीण वळणाच्या विशेषनामाची निवड केली. दिल्लीहून १९७९ पासून निघू लागलेल्या 'मानुषी'ने माणूसपणाचे स्त्रीलिंगी रूप घेतले. 'मिळून साऱ्याजणी' हे नाव मात्र नामच नाही. 'मिळून' हे धातुसाधित अव्यय आहे आणि 'साऱ्याजणी' हे अनेकवचन. वाक्य अपुरे आहे. क्रियापद वाचकाने पुरवावयाचे आहे. 'स्त्री' ते 'मिळून साऱ्याजणी' हा प्रवास सामान्यनामाकडून क्रियेच्या अपेक्षेकडे, 'ती'कडून 'आपण'कडे झालेला आहे. एकोणसाठ वर्षांचे वैचारिक अंतर या व्याकरणिक फरकात साठलेले आहे.

३. मुखपृष्ठ : आरसा आणि त्याचा भंग

व्यापारी स्त्री-मासिकाच्या मुखपृष्ठावर सामान्यतः एक सुंदर चेहरा असतो. तो सरळ वाचकाकडे पाहतो. हे मुखपृष्ठ आरशासारखे काम करते. आपण अशा दिसू शकू, हे आश्वासन आणि आपण अशा नाही, ही उणीव, दोन्ही ते एकदम देते. त्या उणिवेवर उपाय आतल्या पानांत सापडतो आणि शेजारच्या जाहिरातीत विकत मिळतो. मराठीत या आरशाला चित्रकलेची समृद्ध परंपरा लाभली. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या कुंचल्यातील सुडौल, प्रसन्न स्त्रीने मासिकांची आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठे दीर्घकाळ व्यापली. त्या चित्रांचे कलामूल्य निर्विवाद आहे. परंतु ती स्त्री पाहिली जाण्यासाठी रेखाटलेली आहे, हेही तितकेच खरे.

'मिज'च्या १९७२ च्या वसंत ऋतूतील पहिल्या स्वतंत्र अंकाचे मुखपृष्ठ मिरियम वॉस्क या चित्रकर्तीचे होते. त्यावर निळ्या वर्णाची, आठ हातांची एक स्त्री आहे. तिच्या हातांत तळणीचा तवा, घड्याळ, झटकणी, टंकलेखनयंत्र, मोटारीचे चाक, इस्त्री, दूरध्वनी आणि आरसा आहे. तिच्या उदरात गर्भ दिसतो आणि डोळ्यांतून अश्रू वाहत आहेत. मासिकाच्या संस्थापकांपैकी ग्लोरिया स्टायनेम यांचे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतात वास्तव्य झाले होते. चित्रातील देवीरूपाचा भारतीय संदर्भ उघड आहे.

मराठी वाचकाला हे चित्र अमेरिकन वाचकाहून वेगळे दिसते. तुळजापूरची भवानी अष्टभुजा आहे. महिषासुरमर्दिनीच्या हातांतील प्रत्येक आयुध हे एकेक सामर्थ्य आहे. हातांची संख्या वाढते तशी शक्ती वाढते. वॉस्क यांच्या चित्रात हे समीकरण उलटे झाले आहे. हातांची संख्या वाढते तसे ओझे वाढते. आयुधांची जागा कामाच्या वस्तूंनी घेतली आहे आणि देवीच्या मुखावरील शांत तेज अश्रूंत विरले आहे. 'घरची लक्ष्मी' किंवा 'आदिशक्ती' म्हणून स्त्रीचा गौरव करणे आणि सर्व कामे तिच्यावरच सोपविणे, या दोन गोष्टी किती सहज एकत्र नांदतात, हे या चित्राने एका दृष्टिक्षेपात सांगितले. आठ हातांपैकी एका हातात आरसा आहे, ही बाबही लक्षणीय आहे. मुखपृष्ठ स्वतः आरसा न होता आरशाला ओझ्यांच्या यादीत घालते.

त्याच मासिकाने ऑगस्ट १९७६ च्या अंकात पतीकडून होणाऱ्या मारहाणीचा विषय हाताळला आणि मुखपृष्ठावर मारहाणीच्या खुणा असलेला स्त्रीचा चेहरा छापला. व्यापारी मासिकाच्या मुखपृष्ठाची चौकट तशीच होती. एक चेहरा, वाचकासमोर. बदलली ती चेहऱ्यावरची खूण. जी गोष्ट घराच्या भिंतीआड आणि प्रसाधनाच्या थराखाली लपविली जाते, ती दुकानातल्या मांडणीवर आली.

'स्पेअर रिब'ची रीत याहून निराळी होती. मार्शा रो आणि रोझी बॉयकॉट या संस्थापक लंडनच्या पर्यायी वृत्तपत्रसृष्टीतून आल्या होत्या. तेथील पुरुष सहकारी क्रांतीची भाषा बोलत असताना स्त्रियांकडे मात्र चहा करण्याचे आणि टंकलेखनाचे काम राही, हा त्या सृष्टीतील अनेकींचा अनुभव होता. १९७२ च्या उन्हाळ्यात निघालेल्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर दोन तरुण स्त्रियांचे मोकळेपणी हसणारे छायाचित्र होते. ते प्रसाधनाच्या जाहिरातीतले हसणे नव्हते. अंकाची बाह्य रचना हेतुतः नेहमीच्या स्त्री-मासिकासारखी ठेवली होती. कारण जी वाचक चळवळीची पत्रके हाती धरणार नाही, तिच्या ओळखीच्या वस्तूमधून तिच्यापर्यंत पोहोचावयाचे होते. तरीही डब्ल्यू. एच. स्मिथ या बड्या विक्रेत्या साखळीने पहिला अंक विक्रीस ठेवण्याचे नाकारले. रूप ओळखीचे असले तरी त्यातील आशय कोणता, हे विक्रेत्यालाही कळले होते.

४. सदरे आणि पत्रे : बोलणारी वाचक

मासिकाची सदरे म्हणजे वाचकाच्या दिवसाचा नकाशा. पाककृती, विणकाम, सौंदर्यसाधना आणि वैवाहिक सल्ला या ठरलेल्या सदरांतून गृहिणीचा दिवस वाटून दिलेला असतो. 'स्पेअर रिब'च्या आरंभीच्या अंकांत स्वयंपाक आणि हस्तकलेची सदरेही होती. ती हळूहळू मागे पडली आणि काम, वेतन, आरोग्य, गर्भपात, स्त्रियांचा इतिहास या विषयांनी त्यांची जागा घेतली. १९७३ च्या अखेरीस संपादनाची उतरंड मोडून सामूहिक पद्धती स्वीकारली गेली, तेव्हा हा बदल अधिक ठळक झाला. एका अर्थी सदरांची यादी आणि संपादनाची पद्धत या दोन्ही गोष्टी एकाच प्रश्नाची उत्तरे होती. कोणी कोणाला सल्ला द्यावयाचा, हा तो प्रश्न.

'मिज'मधील 'नो कमेंट' हे सदर या दृष्टीने अभ्यसनीय आहे. स्त्रीला हीन लेखणाऱ्या जाहिराती वाचक कापून पाठवीत आणि मासिक त्या कोणत्याही भाष्याविना छापीत असे. जाहिरात तीच, परंतु तिची जागा बदलल्यामुळे तिचा अर्थ उलटतो. येथे भाष्याचे काम लेखणी करीत नाही, पान करते. वाचकही आता सल्ला घेणारी राहत नाही. पुरावा गोळा करणारी म्हणून ती अंकाच्या रचनेत सहभागी होते. 'मिज'च्या प्रारंभीच्या अंकाला सुमारे वीस हजार पत्रे आली, अशी नोंद आहे. पुढे १९७२ ते १९८७ या काळातील निवडक पत्रांचा स्वतंत्र ग्रंथ निघाला. मासिकातील पत्रव्यवहार ग्रंथरूपाने जपण्याजोगा वाटणे, हीच त्या मासिकाच्या वाङ्मयीन भूमिकेची साक्ष होय.

मराठीत हा धागा 'संवाद' या कल्पनेत सापडतो. विद्या बाळ १९६४ पासून 'स्त्री' मासिकाच्या संपादकीय कामात होत्या आणि १९८३ ते १९८६ या काळात त्या संपादक होत्या. १९८२ मध्ये नारी समता मंचाच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. ऑगस्ट १९८९ मध्ये त्यांनी 'मिळून साऱ्याजणी' सुरू केले, तेव्हा मोठ्या उद्योगसमूहाचा आधार मागे राहिला होता. हे मासिक मुख्यतः अनुभवकथनावर उभे राहिले. नामवंत लेखिकांच्या बरोबरीने, पूर्वी काही न लिहिलेल्या स्त्रीचे लेखन त्यात आले; पुरुषही त्यात लिहिते आणि वाचते झाले. तीत आधुनिक स्त्री म्हणजे विशिष्ट वेश, विशिष्ट पदवी किंवा विशिष्ट नोकरी असलेली स्त्री नव्हे. स्वतःच्या आयुष्याविषयी प्रथमपुरुषी वाक्य लिहू शकणारी ती आधुनिक, अशी व्याख्या या लेखनातून आपोआप घडत गेली. मराठी निबंधाच्या इतिहासात या अनुभवकथनाची स्वतंत्र दखल घेतली जावयास हवी.

५. जाहिरात : स्वातंत्र्याची किंमत

या सर्व रचनेखाली अर्थकारण आहे. ग्लोरिया स्टायनेम यांनी १९९० मध्ये 'मिज'मध्येच लिहिलेल्या प्रदीर्घ लेखात जाहिरातदारांशी झालेल्या संघर्षाचा तपशील दिला आहे. स्त्री-मासिकांत जाहिरात देताना तिच्या शेजारी पूरक मजकूर असावा, अशी अपेक्षा असे. अन्नपदार्थांच्या जाहिरातीसाठी पाककृती, प्रसाधनांच्या जाहिरातीसाठी सौंदर्यलेख. वृत्तसाप्ताहिकांकडून अशी मागणी होत नसे. सोव्हिएत रशियातील स्त्रियांविषयीच्या एका मुखपृष्ठकथेचा प्रसंग त्यांनी नोंदविला आहे. मुखपृष्ठावरील त्या स्त्रियांनी प्रसाधन केलेले नव्हते, म्हणून एका मोठ्या प्रसाधन कंपनीची जाहिरात मासिकाला गमवावी लागली. सदरांचा नकाशा कोण आखतो, याचे उत्तर येथे मिळते. १९९० मध्ये रॉबिन मॉर्गन यांच्या संपादनाखाली 'मिज' जाहिरातींविना निघू लागले. अंकाचा खर्च वाचकांनी उचलावयाचा होता.

'मानुषी'नेही अनुदान आणि जाहिराती यांवाचून चालण्याचा मार्ग पत्करला. मराठीत स्वतंत्र मासिकाची स्थिती अधिक बिकट असते. वर्गणीदारांचे वर्तुळ लहान असते आणि दिवाळी अंकाचा डोलारा तर बहुधा जाहिरातींवरच उभा असतो. मात्र नकाराची किंमत केवळ पैशात मोजून चालणार नाही. जाहिरातीबरोबर रंग, चांगला कागद, छायाचित्रे, चित्रकाराचे मानधन हेही दूर जाते. परिणामतः स्वतंत्र मासिक शब्दप्रधान होते आणि दृश्याचे सारे क्षेत्र व्यापारी मासिकांच्या ताब्यात राहते. स्त्रीला 'पाहणे' अनिष्ट, म्हणून पाहण्याची भाषाच सोडून दिली, तर जिला वाचनाची सवय नाही तिच्यापर्यंत पोहोचण्याचा एक मार्ग बंद होतो. 'मिज'चे अष्टभुजेचे मुखपृष्ठ दृश्यभाषेचा त्याग न करता तिच्यावर उलटे वार करते. मराठी स्वतंत्र मासिकांपुढील हे आव्हान पुरते पेलले गेले आहे, असे म्हणता येत नाही.

६. 'साऱ्याजणी' कोण?

अंकाच्या रचनेतून घडणाऱ्या 'आपण'ला कोण बाहेर राहते, हा यापुढचा प्रश्न. त्याचे उत्तरही अनेकदा मुखपृष्ठावरच मिळते. कृष्णवर्णीय लेखिका अॅलिस वॉकर 'मिज'च्या संपादकवर्गात होत्या. झोरा नील हर्स्टन या विस्मृत लेखिकेचा शोध घेणारा त्यांचा लेख १९७५ मध्ये त्यातच आला होता. १९८६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. मासिकाच्या मुखपृष्ठांचा अट्टाहासी गोरेपणा आपल्याला आणि आपल्या मुलीला परकेपणाची जाणीव करून देतो, हे त्यांनी राजीनाम्याच्या पत्रात स्पष्ट केले. आतील लेखांचे पुरोगामित्व मुखपृष्ठाने खोडून काढले होते. 'स्पेअर रिब'मध्येही १९८० च्या दशकाच्या आरंभी कृष्णवर्णीय स्त्रिया संपादक-समूहात आल्या आणि प्रतिनिधित्वाच्या प्रश्नावर तीव्र मतभेद झाले. एकरूप भगिनीभावाची कल्पना त्यानंतर पूर्वीसारखी सोपी राहिली नाही.

मराठीत हाच प्रश्न जातीच्या अंगाने उभा राहतो. 'मिळून साऱ्याजणी' निघाले त्याच १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचा 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या सहभागाचा तो दस्तऐवज आहे. एकाने दुसऱ्याला दिलेले उत्तर म्हणून या दोन शीर्षकांकडे पाहण्याचे कारण नाही. तरी ती शेजारी ठेवली की मराठी भाषेतील एक सूक्ष्म भेद डोळ्यांत भरतो. 'साऱ्याजणी' हा शब्द सर्वांना सामावून घेण्याचे वचन देतो. 'आम्हीही' मधील 'ही' हे अव्यय मात्र सांगते की, सर्वांच्या यादीतून आम्ही आजवर वगळल्या गेलो होतो. ज्यांना वगळले गेलेले नसते त्यांना 'ही' लावावा लागत नाही. शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त दलित स्त्रियांच्या वेगळ्या भूमिकेचा जो सैद्धांतिक विचार मांडला, त्याचे बीज या एका अक्षरात पाहता येते. स्वतंत्र मासिकाची कसोटी त्यामुळे दुहेरी होते. ते मालकापासून आणि जाहिरातदारापासून स्वतंत्र आहे काय, हे पाहावे लागते. आणि आपल्या वाचकवर्गाच्या जातीय-वर्गीय सवयींपासून ते कितपत स्वतंत्र आहे, हेही पाहावे लागते.

७. समारोप

या विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. स्वतंत्र स्त्री-मासिकाची आधुनिकता त्याच्या घोषणांइतकीच त्याच्या नावात, मुखपृष्ठात, सदरांच्या क्रमात आणि जाहिरातविषयक निर्णयात असते. 'मिज'ने प्रचलित प्रतिमा उलटवून, 'स्पेअर रिब'ने प्रचलित मासिकाचे रूप घेऊन ते आतून बदलून आणि 'मिळून साऱ्याजणी'ने दृश्यापेक्षा संवादाला अग्रस्थान देऊन पाहिल्या जाणाऱ्या स्त्रीच्या जागी बोलणारी स्त्री आणली. या प्रत्येक मार्गात काही मिळाले आणि काही निसटले. निसटले ते कोणाच्या वाट्याचे होते, हे तपासणे अभ्यासकाचे काम आहे.

हे काम करू इच्छिणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांना एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. आपल्या ग्रंथालयांत मासिकांचे वार्षिक खंड बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने अनेकदा काढून टाकली जातात. 'मजकूर' शिल्लक राहतो आणि प्रस्तुत निबंधात ज्याला पुरावा मानले आहे, तोच नाहीसा होतो. संगणकीय जतन हाही अखेरचा उपाय नव्हे. 'स्पेअर रिब' १९९३ मध्ये बंद पडले. ब्रिटिश लायब्ररीने २०१५ मध्ये त्याचे अंक महाजालावर खुले केले आणि ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर बदललेल्या स्वामित्वहक्काच्या नियमांमुळे २०२१ मध्ये ते दालन बंद करावे लागले. विद्या बाळ ३० जानेवारी २०२० रोजी निवर्तल्या. त्यांच्या पिढीने काढलेले सुटे अंक आज वर्गणीदारांच्या घरांत, माळ्यांवर आणि रद्दीच्या वाटेवर आहेत. ते मुखपृष्ठांसह मिळवणे, त्यांतील पत्रांची आणि जाहिरातींची सूची करणे, हे विभागीय पातळीवर सहज हाती घेता येण्याजोगे काम आहे. ते लांबणीवर पडले तर मराठी स्त्रीच्या आधुनिकतेचा इतिहास आपण मुखपृष्ठ फाटलेल्या खंडातूनच वाचत राहू.